कच्चे फोटो

मोठ्या माईच्या धाकट्या पोरीचं लग्न भर वैशाखात, दारव्ह्याकडच्या एका खेड्यात, आणि फोटोग्राफर कोण, तर मी. झेडपीच्या मास्तरकडे सेकंडहँड का होईना डीएसएलआर कॅमेरा आहे, एवढ्या भांडवलावर ही नेमणूक झाली होती. यवतमाळात स्टुडिओ असलेल्या मित्राला आदल्या रात्री फोन केला. तो म्हणाला, "रॉमध्येच काढजो बे. जेपेग म्हंजे झालेली भाजी. मीठ जास्त पडलं तं मंग काहीच करता येत नाही." रॉ म्हणजे कॅमेऱ्यानं न शिजवता ठेवलेली कच्ची फाइल, जेपेग म्हणजे त्यानंच तयार करून दिलेला फोटो. मी सेटिंग बदललं आणि दोन दिवसांत नऊशे बारा फोटो काढले.

चौथ्या दिवशी मोठी माय दारात हजर.

"फोटो कुठं अडले बाप्पा?"

"मोठी माय, ते कच्चे आहेत अजून."

"मंग शिजव ना! चार दिस झाले, गॅस संपला का तुया?"

तिला कापसाचं उदाहरण दिलं. रॉ फाइल म्हणजे शेतातून वेचून आणलेला कापूस. तो अंगावर घालता येत नाही. आधी जिनिंगमध्ये जातो, सरकी निघते, रुई निघते, मग पुढचं. "मंग टाक जिनिंगले," म्हणून ती चहा न घेता गेली. प्रश्न एवढाच होता की जिनिंग, म्हणजे रॉचा फोटो करणारं सॉफ्टवेअर, कोणतं.

मित्राचं मत लाइटरूम. 2007 पासून चालत आलेलं, सगळे धंदेवाले तेच वापरतात. पण ते आता एकदा विकत घेऊन टाकता येत नाही, सतत पैसे भरत राहावे लागतात. सोसायटीचं कर्ज निदान वर्षातून एकदा आठवण देतं. नागपुरात इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याचं मत डार्कटेबल, कारण फुकट. "आणि मामा, ते मूळ फाइलले हातच लावत नाही. बदल सारे शेजारच्या वेगळ्या फाइलीत लिहून ठेवते." म्हणजे सातबारा जसाच्या तसा आणि फेरफार वेगळ्या वहीत. हे मला लगेच कळलं. पुढचं काहीच कळलं नाही. त्यानं विचारलं, "फिल्मिक लावून राह्यले का सिग्मॉइड?" मी म्हटलं, "तुले काय वाटते?" सोयाबीनच्या वाणाबद्दल कृषी केंद्रात मी असाच प्रश्न फिरवतो.

मग तिसरं, रॉथेरपी. तेही फुकट. त्यात कॅमेऱ्याच्या ठिपक्यांपासून चित्र कसं विणायचं याच्याच दहा-बारा पद्धती. इथं थोडं थांबतो, कारण या ज्ञानासाठी मी शाळेच्या उन्हाळी सुटीतली पाच दुपारं घालवली आहेत. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर एक ठिपका एकच रंग मोजतो. त्यातले निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी शोधली, पेटंट 1976 चं. माणसाच्या डोळ्याला हिरव्या उजेडातले बारकावे जास्त कळतात, म्हणून हिरव्याला दुप्पट जागा. उरलेले रंग सॉफ्टवेअर शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून भरतं.

सगळं पटलं. फक्त आमचा मांडव हिरव्या शेडनेटचा होता.

दुपारचं ऊन त्या नेटमधून गाळून नवरदेवावर पडलेलं. निम्मे ठिपके हिरवे, वरून मांडव हिरवा. हळद लावलेला पोरगा पोपटासारखा दिसत होता. आणि रॉचा फायदा काय, तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसावं अशी रंगांची जुळवणी, मागाहून बदलता येतो. 14 बिटांच्या फाइलीत प्रत्येक रंगाच्या 16,384 पायऱ्या, जेपेगमध्ये 256. मी पायऱ्या चढू लागलो. हिरवा कमी केला तर हळदीचं कुंकू झालं. कुंकू उतरवलं तर नवरदेवाला कावीळ. शेवटी तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये त्याची मिशी चारशे टक्क्यांवर उघडून कोणतं केस नीट सोडवतं ते पाहत बसलो. बायको मागून येऊन म्हणाली, "कोणाचे केस पाहून राह्यले हो एवढे?" त्या प्रश्नाला सभ्य उत्तर नाही.

बाराव्या दिवशी ठरलं: डार्कटेबल. मग हिशेब केला. माझ्या चार जीबीच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर एक फोटो बाहेर पडायला पाऊण मिनिट. नऊशे बारा फोटो, म्हणजे सलग साडेअकरा तास. आमच्या गावात सलग साडेअकरा तास लाइट असल्याचं मी लहानपणी आजोबांकडूनही ऐकलेलं नाही.

भाच्याला हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "मामा, प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्यानं बनवलेला जेपेग असतेच ना. मागच्या स्क्रीनवर तोच तर दिसते."

"मंग हे आधी काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही सॉफ्टवेअर कोणतं, हे विचारलं होतं."

त्यानं डीसीरॉ नावाचा एक छोटा प्रोग्राम पाठवला. डेव्ह कॉफिन नावाच्या माणसानं 1997 मध्ये लिहायला घेतलेला, ना बटणं ना खिडकी, एका ओळीचा हुकूम. चहा उकळेपर्यंत बहुतेक पोरं पोटातून बाहेर. रंग कॅमेऱ्याचेच, म्हणजे पोपटी. ग्रुपवर टाकले.

मोठ्या माईचा फोन लगेच. मी डोळे मिटून उचलला.

"काय मस्त आले रे! वैशाखात मांडव कसा हिरवागार दिसते, पाऊस पडल्यासारखा."

रात्री सगळे झोपले की मी अजून डार्कटेबल उघडतो. एकच फोटो, मोठी माय उखळाशी हळद कुटताना. चौदावी आवृत्ती सुरू आहे. हातावरचा पिवळा काल जवळजवळ जमला होता, तेवढ्यात लाइट गेली.