बिनअंड्याचा केक आणि आमचं मराठी

मानधनाच्या पाकिटावर 'श्री.' छापलेलं होतं. ते निळ्या पेनाने खोडून कुणीतरी वर 'फादर' लिहिलं होतं. आत पाचशे रुपये. पाचशेबद्दल तक्रार नाही, वाचनालयांची परिस्थिती सगळ्यांना ठाऊक आहे. पण खोडायचे कष्ट घेतले, म्हणजे त्यावर विचार झाला असणार. कदाचित समितीही बसली असेल. आणि हे सगळं माझी बायको पहिल्या रांगेत बसलेली असताना.

डिसेंबरातलं कथावाचन, वीस मिनिटांचं. ते उरकलं आणि चहाच्या टेबलाशी बिनबाह्यांच्या स्वेटरातल्या एका काकांनी मला गाठलं.

"मराठी फार सुरेख हो तुमचं!"

"तुमचंही छान आहे," मी म्हटलं.

"आमचं असणारच." काकांनी बिस्कीट चहात बुडवलं. "घरी काय बोलता?"

"मराठी."

"नाही, म्हणजे आपापसांत?"

"आपापसांतही मराठीच. भांडण तर निव्वळ मराठीत."

"आणि प्रार्थना?"

"तीही मराठीत."

काका थबकले. बिस्किटाचा भिजलेला तुकडा कपात पडला, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "त्याला कळतं?"

येशू अरामी बोलायचा, इंग्रजी त्यालाही येत नव्हतं, असं मी सांगितलं. काकांना ही बातमी नवी होती आणि फारशी आवडलीही नाही. त्यांनी विषय बदलला.

"गोव्याचे का?"

"नगरचे."

"म्हणजे वसईचे."

"नगरचे, काका. अहिल्यानगर म्हणा हवं तर."

"ते आत्ताचं झालं. मूळ?"

"शेवगावकडचे."

"त्याच्या आधी?"

त्याच्या आधी एदेन बाग, असं अगदी जिभेवर आलं होतं. तेच बोलून मोकळं व्हायला हवं होतं. त्याऐवजी मी पुरावा काढला. म्हटलं, काका, टिळकसुद्धा ख्रिस्ती होते.

"लोकमान्य?" काका एवढ्या मोठ्याने ओरडले की चहावाल्याची किटली हलली. पुढची दहा मिनिटं मी लोकमान्यांची निर्दोष मुक्तता करण्यात घालवली. रेव्हरंड नारायण वामन टिळक वेगळे, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले, कवी. लक्ष्मीबाई त्यांच्या पत्नी. "हां, 'स्मृतिचित्रे'वाल्या! त्या ख्रिश्चन? पण किती घरगुती लिहितात हो!" या 'पण'चं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

तर हा पुरावा काढण्याचा रोग. मराठीत लिहिणाऱ्या ख्रिस्ती माणसाला तो हमखास जडतो आणि त्याची लक्षणं ठरलेली आहेत. लेख कशावरही असो, रिक्षाच्या मीटरवर असो की मुळ्याच्या भाजीवर, तिसऱ्या परिच्छेदात फादर थॉमस स्टीफन्स येतात. १६१६, राचोल, 'क्रिस्तपुराण', अकरा हजारांच्या आसपास ओव्या, मराठीला मोगरीची आणि कस्तुरीची उपमा. मग १८४२चं 'ज्ञानोदय' नियतकालिक, १८५७ची बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' कादंबरी. एवढ्यात शब्दमर्यादा संपते आणि मुळ्याची भाजी राहून जाते.

बरं, हा पुरावा कोर्टात टिकतो का? स्टीफन्स इंग्रज. १५७९ साली गोव्यात उतरलेला. त्याचं पुराण पहिल्यांदा छापलं गेलं तेही रोमन लिपीत, कारण तिथे देवनागरीचे खिळे नव्हते. म्हणजे आम्ही इथलेच, हे पटवायला आम्ही साक्षीदार आणतो तो विलायतेहून! काकांनी उलटतपासणी घेतली असती तर माझी दांडी उडाली असती. तेव्हा माझ्यापुरता नियम असा: एका लेखात एकच पूर्वज, आणि तोही त्याचं तिथे काही काम असेल तरच.

न्यूनगंडाचं दुसरं ठिकाण म्हणजे कंस. 'मिस्सा (कॅथलिकांची उपासना)' असं लिहिलं की आपण वाचकाच्या घरात चपला काढून, हात जोडून उभे राहिलो. 'सत्यनारायण (हिंदूंची एक पूजा)' असं कोण लिहितं? कंसाची गरज नसते, शब्दाला काम दिलं की झालं. 'मिस्सा सुटली तशी रिक्षावाल्यांनी गाड्या चालू केल्या.' कळलं ना? एका कथेत असे तीन-चार शब्द वाचक खुशाल पचवतो. दहा घातले तर मात्र त्याला शब्दकोश वाचल्यासारखं वाटतं, आणि ती चूक आपली.

शब्द निवडतानाही पंथ सांभाळावा लागतो. फादर, मिस्सा, धर्मग्राम हे कॅथलिक घरातलं. पाळक, उपासना, मंडळी हे प्रॉटेस्टंट घरातलं. कथेतल्या पाळकाने मिस्सा म्हटली की दोन्हीकडून पत्रं येतात. एरवी एकही येत नाही. 'मंडळी' तर फार धोक्याचा शब्द. आमच्याकडे मंडळी म्हणजे चर्चची सगळी सभासद जनता. 'पाळकांनी मंडळीला दटावलं' या वाक्यावर एका मुद्रितशोधकाने समासात लिहिलं होतं, 'घरगुती हिंसा? संदर्भ तपासा.' आणि 'तारण'! आमच्याकडे तारण म्हणजे उद्धार. 'शेवटी त्याचं तारण झालं' हे वाक्य सोनारगल्लीत वाचलं तर माणूस विचारतो, किती टक्क्यांनी? अशा ठिकाणी शब्द बदलायचा नाही, आजूबाजूचं वाक्य बदलायचं. 'त्याच्या जिवाचं तारण झालं' म्हटलं की सोनं बाजूला होतं.

बायबलातलं वचन घ्यायचं तर भाषांतर आधी ठरवावं आणि लेख संपेपर्यंत तेच धरावं. मोबाइलवरच्या इंग्रजी बायबलातून स्वतः मराठी करण्याचा मोह फार होतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात आमच्या मंडळीच्या कानात 'प्रीती' बसली आहे. तिथे 'प्रेम' लिहिलं की मागच्या बाकावरच्या आजी चष्मा पुसून वर बघतात. बोली हवी असेल तर पंडिता रमाबाईंचं भाषांतर काढून बघा. हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं, साध्या बाईमाणसाला कळावं म्हणून साधं ठेवलेलं, केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांच्या हातांनी छापलेलं. ते वाचलं की आपली जडबंबाळ वाक्यं आपणच खोडतो.

इथवर सगळं बाहेरच्यांचं झालं. घरचे काका वेगळे. ते उपासना संपल्यावर फाटकाशी गाठतात. "कथा वाचली. छान आहे. पण तो दारुडा शेवटी पश्चात्ताप करत नाही?" नाही करत. "मग कथेत प्रभू कुठे आहे?" यावर घाबरून पुष्कळ जण शेवटून दुसऱ्या परिच्छेदात दारुड्याला गुडघ्यांवर आणतात. बाटली फुटते, घंटा वाजते, कथा मरते.

त्यांना बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय दाखवावा. उधळ्या पुत्र परत येतो, मेजवानी होते, तिथे सगळे टाळ्या वाजवून पुस्तक मिटतात. गोष्ट मात्र पुढे आहे. मोठा भाऊ रुसून बाहेर उभा आहे, बाप त्याची समजूत काढतोय, आणि बापाच्या बोलण्यावरच गोष्ट थांबते. भाऊ आत गेला की नाही? येशूने सांगितलंच नाही. योनाचं पुस्तक तर सरळ प्रश्नावर संपतं, आणि त्या प्रश्नातले शेवटचे शब्द गुराढोरांबद्दल आहेत. हे दाखवल्यावर घरचे काका म्हणतात, "ते प्रभूला चालतं, तुम्हाला नाही." हा मुद्दा खोडणं अवघड आहे.

हसतोय खरा, पण कधी कधी हसू येत नाही. जानेवारी २०२०मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला, वसईच्या झाडापाण्यासाठी रस्त्यावर उतरलेला माणूस. तरी निवड झाल्याबरोबर विरोध सुरू झाला, आणि विरोध त्यांच्या गद्याला नव्हता. 'क्रिस्तपुराणा'पासून, म्हणजे १६१६पासून मोजलं तर ४०४ वर्षं. एखाद्या भाडेकरूलाही एवढ्या काळात कुळाचा हक्क लागला असता. आम्ही अजून काकांना तालुका सांगतोय.

आणि आमचा मोसम डिसेंबर. पावसावर, निवडणुकीवर, गुडघेदुखीवर ख्रिस्ती माणसाला काही म्हणायचं असेल, हे संपादकांना सुचत नाही. नोव्हेंबर सरला की फोन: "नाताळवर काहीतरी द्या ना, केक वगैरे."

केकवरून आठवलं. वाचनालयातून निघताना काकांनी माझा नंबर घेतला होता. रात्री साडेनऊला निरोप आला: 'फादर, पंचवीस तारखेला केक विसरू नका. अंडं नको.'

मी कळवलं की आमच्याकडे नाताळला करंज्या, चकल्या आणि अनारसे असतात. अनारसे पाठवतो.

लगेच उत्तर आलं: 'वा! तुमच्यात पण करतात?'