मागच्यासाठी थांबायचं नसेल तर ग्रुप काढता कशाला?

सकाळी चहा घेता घेता मोबाईल उघडला आणि डोकं फिरलं. कुठल्याशा रायडिंग ग्रुपचं पोस्टर कुणीतरी पुढे ढकललं होतं. काळा रंग, आगीच्या ज्वाळा, वर कवटी. (कवटी कशाला असते देव जाणे. जायचंय गणपतीपुळ्याला.) खाली अटी : ‘३५० सीसी आणि वर. स्कूटर नॉट अलाउड. स्लो रायडर्सनी क्षमस्व. ग्रुप कुणासाठीही थांबणार नाही.’ आणि सगळ्यात खाली, ‘सेफ्टी फर्स्ट’.

ग्रुप कुणासाठीही थांबणार नाही. अहो, मग तो ग्रुप कसला? एका वेळी एका दिशेला चाललेल्या गाड्यांना ग्रुप म्हणायचं असेल तर आमच्या कराडच्या कोल्हापूर नाक्यावर रोज संध्याकाळी ग्रुप राइड असते.

तुम्ही बहुतेक जण मला ओळखता. मी शाळेत शिकवते, माझ्याकडे ११० सीसीची स्कूटर आहे, आणि माझा वेग असा की मुलगा मागे बसायला लाजतो. तरीही गेल्या पावसाळ्यात ओळखीपाळखीच्या आठ-दहा जणांबरोबर मी कराडहून गुहागरला गेले होते. फोटो टाकले होते इथे, व्याडेश्वराचे, समुद्राचे. तुम्ही भरभरून लाइकही केले होते. घाटाचा एकही फोटो नव्हता, हे कुणाच्या लक्षात आलं नसेल. आज त्या घाटाबद्दल लिहिते, कारण हे पोस्टर बघितल्यापासून तोच डोळ्यांपुढे आहे.

पाटणपर्यंत झकास. मिसळ, चहा, सेल्फी. हेळवाक आलं तसा पाऊस वाढला, कोयनानगरला तर आडवाच मारत होता. कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी धुकं इतकं की पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसायचा, ट्रक नाही. लीडरसकट सगळ्या मोठ्या गाड्या माझ्या देखत त्या धुक्यात शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. मागे राहिलो आम्ही तिघं. नवीकोरी बुलेट घेतलेला एक पोरगा, मी, आणि सगळ्यात शेवटी स्प्लेंडरवर आप्पा.

आप्पा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत. कराड-चिपळूण गाडी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. त्यांना राइडला घ्यायचं की नाही यावरसुद्धा चर्चा झाली होती बरं का! ‘आप्पांना झेपेल का?’

घाट उतरायला लागलो आणि थोड्याच वेळात बुलेटचं मागचं चाक डोलायला लागलं. खिळा. आऱ्यांचं चाक, म्हणजे आत ट्यूब. ट्यूबलेस टायर असता तर खिळा तसाच ठेवून चिपळूणपर्यंत रेटता आलं असतं, ट्यूबची हवा एका झटक्यात जाते. पोरगा रडवेला. लीडरला फोन लावला, रेंज नाही. मेसेज पाठवला, एकच टिक. पाऊस, धुकं, वळण, आणि वरून उतरणारे ट्रक.

इथे थांबून जरा गणित सांगते, कारण ‘मागचे उगाच मागे राहतात’ असं म्हणणाऱ्यांना हे कळत नाही. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते. पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं म्हणजे ३३ मीटर, तेही कोरड्या रस्त्यावर. आठ-दहा गाड्यांनी हे पाळलं तर पहिली आणि शेवटची यांत पाव किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं, आणि घाटात तेवढ्यात दोन वळणं मावतात. पहिला वळणातून बाहेर पडला की ॲक्सिलरेटर पिळतो. शेवटचा तेव्हा अजून वळणात शिरलेलाही नसतो. तो बाहेर येईपर्यंत पुढचे गायब. मग तो गाठायला पळतो. पुढचा ६० ने आरामात चाललेला असताना शेपटाला ८० ने धावावं लागतं, आणि शेपटाला असतो कोण? सगळ्यात नवखा. शाळेच्या सहलीत मुलांची रांग चालवली असेल त्यांना हे सांगावं लागणार नाही. पुढची मुलं चालत असतात, मागची धापा टाकत पळत असतात. म्हणून आम्ही बाई लोक काय करतो? सगळ्यात हळू चालणारं पोर पहिल्या बाईंच्या मागे आणि एक खमकी बाई शेवटी. साधी गोष्ट. हाताखाली पन्नास पोरं असतात आमच्या, कुठलं पोस्टर लागत नाही त्याला.

तर आप्पा. त्यांनी बुलेटकडे बघितलंसुद्धा नाही आधी. स्प्लेंडर कडेला लावली, कोयता नाही काही नाही, हातानेच झुडपाच्या फांद्या मोडल्या आणि वळणाच्या अलीकडे, वरून येणाऱ्याला लांबून दिसतील अशा रस्त्यावर टाकल्या. उडू नयेत म्हणून वर दगड. मग मला म्हणाले, ‘बाई, तुमची गाडी हितं वर लावा, चारी दिवे चालू ठेवा.’ माझ्या गाडीला चारी दिव्यांचं बटण नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘मग बॅटरी घ्या हातात आन् हुभ्या ऱ्हावा, पर रस्त्यात न्हाई, कठड्याकडंला.’ हे सगळं झाल्यावर बुलेट.

ग्रुप राइडचे व्हिडिओ बघा. सगळा भर हातवाऱ्यांवर. डावीकडे खड्डा, उजवीकडे खड्डा, एका ओळीत या, दोन ओळींत या. चांगलंच आहे, वाईट नाही. पण गाडी बंद पडल्यावर पहिली दोन मिनिटं काय करायचं, हे मला आजवर कुठल्या व्हिडिओत भेटलं नाही. ते मला हेल्मेटवर कॅमेरा नसलेल्या माणसाने दाखवलं.

आता कुणीतरी म्हणणार, मॅडम, स्कूटर घाटात धोकादायकच असते. बरं, मान्य. स्कूटरला गिअर नाहीत, उतारावर इंजिन गाडीला धरून ठेवत नाही म्हणावं तसं, सगळा भार ब्रेकवर. सारखा दाबून धरला की ड्रम तापतो आणि ब्रेक लागेनासा होतो. आप्पांनी मला म्हणूनच घाटात मुद्दाम थांबवलं होतं, चाकं निवायला. हेही मान्य की नवख्याला धुक्याच्या घाटात नेण्याआधी विचार करावा. पण मग तसं लिहा ना! ‘उतार मोठा आहे, ब्रेक तपासून या, मध्ये थांबणार आहोत’ असं लिहा. क्षमस्व कसलं?

आणि सीसीचं काय घेऊन बसलात? त्या घाटात अडकलेली गाडी साडेतीनशेची होती आणि सोडवणारी शंभरचीसुद्धा नव्हती.

आप्पांनी चाक काढलंच नाही. बुलेट मेन स्टँडवर घेतली, चाक फिरवून खिळा शोधला, त्या जागी खडूने खूण करायला गेले, पावसात खडू उमटेना, मग माझ्या पर्समधली टिकली लावली तिथे. (हो, टायरला टिकली. हसा.) लोखंडी पट्ट्यांनी टायरची एक कड वर काढली, ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढला, सँडपेपरने घासला, पोराच्या रेनकोटाखाली धरून कोरडा केला, सोल्युशन, वर पॅच. हवा थोडी भरून ट्यूब डबक्यात बुडवली, बुडबुडे नाहीत हे बघितलं. मग टायर बसवायच्या आधी आतून सगळीकडे बोट फिरवलं. पोरगा म्हणाला, ‘आप्पा, झालं की आता.’ तर म्हणाले, ‘खिळ्याचं टोक आत ऱ्हायलं तर म्होरच्या वळनाला परत हितंच.’ तार निघाली एक बारीक, खरंच.

हवा आम्ही तिघांनी आळीपाळीने भरली. हातपंपाने बुलेटचं मागचं चाक भरून बघा एकदा, जिमची फी वाचेल. पोरगा मला दर दहा दट्ट्यांनी ‘काकू, मी घेऊ का?’ विचारत होता. काकू म्हटल्याचंही मी त्या दिवशी मनावर घेतलं नाही.

तोवर पुढून कोण परत आलं असेल? एक मुलगी. ड्यूकवाली, सगळ्यात जोरात गाडी मारते म्हणून जिला सगळे नावं ठेवतात ती. घाट उतरून पोफळीला पोचल्यावर तिने मागे बघितलं, आरशात कुणी नाही, पाच मिनिटं थांबली आणि तेवढा घाट परत चढून आली. म्हणजे वेगाचं काही नसतं हो. आरशात बघायची सवय असते किंवा नसते. हल्ली तर आरसेच काढून टाकतात, गाडी स्मार्ट दिसते म्हणे.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय ते. पोफळीच्या पुढे रेंज आली आणि माझा मोबाईल वाजत सुटला. लीडरने व्हॉट्सॲपवर फोटो टाकला होता. बहादूरशेख नाक्यावर ओळीत लावलेल्या गाड्या, अंगठे वर, आणि खाली : ‘कुंभार्ली घाट पार! ऑल रायडर्स सेफ!’ खाली चाळीसेक अंगठे. माझ्या नवऱ्याचाही होता त्यात. ज्या वेळी तो फोटो पडला त्या वेळी मी त्या घाटात कठड्याला टेकून बॅटरी हलवत होते.

मोजायचं होतं फक्त. आठ-दहाच तर माणसं. आमच्याकडे सहलीच्या बसमध्ये पोरं चढली की दोनदा मोजतात, आणि मोजणी जुळल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. हे माहीत नसलेला माणूस लीडर होतोच कसा? गाडी महाग आहे म्हणून?

...चिडून लिहिलं वरचं. तसंच ठेवते. पण त्या लीडरबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. पोरगा तसा गुणी आहे. त्या रात्री गुहागरात तो जेवला नाही नीट. मला म्हणाला, ‘मॅडम, पुढे राहून रस्ता काढायचा एवढंच मला माहीत होतं. मागे बघायचं असतं हे कुणी सांगितलंच नाही.’ पटलं मला ते. कोण सांगणार? तो जे बघून शिकला त्यात सगळं पुढचंच असतं, पुढचा रस्ता, पुढचं वळण, पुढचा स्पॉट. पुढच्याने ट्रकला ओव्हरटेक केलं की मागचेही न बघता त्याच्या पाठोपाठ घुसतात, ते यातूनच येतं. पुढच्याला समोर मोकळा रस्ता होता म्हणून तो गेला. तुम्ही ट्रकच्या बरोबरीला येईपर्यंत समोर एसटी आलेली असते! ओव्हरटेक ज्याचा त्याने बघून करायचा, त्यात ग्रुप नाही. थांबायचं मात्र सगळ्यांनी. नेमकं उलटं चालतं सगळीकडे.

आणखी एक राहिलं. हवा भरून झाली, सामान गोळा झालं, मी गाडीवर बसलेसुद्धा. आप्पा दिसेनात. बघते तर वर चढून गेले होते. रस्त्यावर टाकलेले दगड एकेक उचलून कठड्याबाहेर टाकत होते, फांद्या कडेला सारत होते. मी म्हटलं, आप्पा, पावसात कशाला, राहू द्या की. तर म्हणाले, ‘आन् रातच्याला कोन मोटरसायकलवाला आला तर?’ त्यानंतर कुठल्याही घाटात वळणावर विसरलेले दगड दिसले की मी थांबते आणि बाजूला करते. मुलगा म्हणतो, आई, उशीर होतोय. होऊ दे.

त्या पोस्टरखाली मी कमेंट केली होती, साधीच, की शेवटी कोण असणार आहे ते जाहीर करा. उत्तर आलं : ‘मॅडम, ही फॅमिली पिकनिक नाही.’ आणि हसणारे चेहरे. चालू द्या. पावसाळ्यात गणपतीपुळ्याला आंबा घाटातूनच जाणार ना? तो काय धुक्याला सीसी विचारून सोडतो?

असो. पाऊस ओसरला की आम्ही परत गुहागरला निघतोय. या वेळी मी पुढे, लीडरच्या मागे दुसरी. आप्पा शेवटी. लीडर तोच, मी स्वतः आग्रह धरलाय. पाटण, कोयनानगर, पोफळी आणि बहादूरशेख नाका, प्रत्येक ठिकाणी शेवटची गाडी येईपर्यंत थांबायचं आणि मोजायचं. फाटा आला की एकाने तिथे उभं राहून मागच्यांना रस्ता दाखवायचा, आप्पा आले की सुटायचं. कोणतीही गाडी चालेल. आरसे दोन्ही हवेत. ज्यांच्या चाकात ट्यूब आहे त्यांनी आपल्या मापाची एक ट्यूब जवळ ठेवा. क्लचची जास्तीची केबल जुन्या केबलच्या बाजूनेच ओढून बांधून घ्या, आप्पांनी स्वतःच्या गाडीला तशीच केलीय, तुटली की नुसती टोकं बदलायची. टाकी कराडलाच फुल्ल करा. पट्ट्या, पॅच, सोल्युशन आप्पांकडे आहे. पंप मी घेतलाय नवा, पायाने मारायचा, तो कुणी आणू नका. यायचं असेल त्यांनी मेसेज करा, आणि घरच्या एकाचा नंबर त्यातच लिहा, परत विचारायला लावू नका.