फडके हेच शस्त्र

गोव्यात वास्कोला घर असेल, तर रोज सकाळी बाल्कांवाचा, म्हणजे घरापुढच्या ओसरीचा, कठडा ओल्या फडक्याने पुसावा आणि फडके काळे झाले की मुरगाव बंदरातल्या कोळशाचा निकाल आपण घरच्या घरी लावला, असे समाधान मानावे. डिचोली-सत्तरीकडच्यांनी हाच विधी तुळशीवृंदावनापाशी करावा. खनिजाच्या ट्रकांमुळे तिथे फडके तांबडे होते, एवढाच फरक. (२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणी थांबल्या तेव्हा फडक्याला थोडी उसंत मिळाली होती, तिची सवय लावून घेऊ नये.) ट्रकावर ताडपत्री, रस्त्यावर पाण्याचा टँकर आणि आपल्या हाती फडके असल्यावर चिंता कसली, कारण दिसेनाशी झाली ती धूळ संपली, हे शास्त्र आपल्याकडे सर्वमान्य आहे.

डिझेलच्या आणि जळत्या कचऱ्याच्या धुरातले २.५ मायक्रोमीटरहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम पंचविसावा हिस्सा, कठड्यावर बसण्याच्या भानगडीत फारसे पडत नाहीत, तेव्हा आपणही त्यांच्या भानगडीत पडू नये. नाकातले केस आणि श्वासनलिकेतली लव यांना चुकवून ते थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत उतरतात, जिथे कचरा वर ढकलायला लवही नसते. तिथे पुसण्याचे काम मॅक्रोफेज नावाच्या पेशी करतात. त्यांचीही पद्धत आपल्यासारखीच आहे: समोर येईल ते गिळावे आणि पोटातल्या लायसोसोम या पिशवीत टाकून पचवावे. जंतू पचतात, काजळी पचत नाही, आणि दगडाच्या धुळीतली स्फटिकरूप सिलिका तर पिशवीच फाडते, मग आतले पाचक रस बाहेर सांडून पेशी स्वतःच मरते आणि मोकळा झालेला कण गिळायला दुसरी पेशी पुढे सरसावते. इतकी निष्ठा आपल्या नगरपालिकांनाही साधलेली नाही.

कणांवरचे लोह आणि तांबे पेशीत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार करतात. त्यांनी ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया जायबंदी होतात आणि डीएनएचे धागे तुटतात. काही पेशी अशा वेळी शिस्तीने स्वतःला गुंडाळून घेतात. काही मात्र फुटतात आणि फुटताना दाहाचे निरोप आसपास धाडून निरोगी शेजाऱ्यांनाही कामाला लावतात. अशा शेजाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी असे सुचवले, तर आपले राष्ट्रीय मानक ४० आहे. त्यावरून भारतीय पेशी आठपट सोशिक असल्याचे सिद्ध होते. बाहेरच्या प्रदूषित हवेला कर्करोगकारक ठरवणारा २०१३ सालचा आंतरराष्ट्रीय निर्वाळाही मनावर घेऊ नये.

फडके मात्र रोज धुवावे, आणि वाळत घालताना रस्त्याच्या बाजूला घालू नये.