खुलासा : विचित्र चिन्हांत दिसणारी मराठी फाइल खराब झालेली असतेच असे नाही

संकेतस्थळावरची मराठी टेक्स्ट फाइल ब्राउझरमध्ये अगम्य रोमन चिन्हांत दिसली, तर ती खराब झाली असून मराठी फॉन्ट टाकावा किंवा मजकूर पुन्हा टाइप करावा, असा संदेश सध्या फिरत आहे. तो बहुतांशी चुकीचा आहे.

यूटीएफ-८ (UTF-8) या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत ‘म’ हे अक्षर २२४, १६४, १७४ अशा तीन बाइट्समध्ये साठवले जाते. सर्व्हरने ‘कंटेंट-टाइप’ या हेडरमध्ये, म्हणजे फाइलीसोबत पाठवलेल्या माहितीच्या ओळीत, नुसते ‘टेक्स्ट/प्लेन’ (साधा मजकूर) एवढेच कळवले आणि ब्राउझरने विंडोज-१२५२ ही रोमन लिपीसाठीची जुनी पद्धत गृहीत धरली, की तेच बाइट्स डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’, चलनाचे चिन्ह आणि वर्तुळातला ‘आर’ असे उमटतात. मूळ फाइल जशीच्या तशी असते. ‘कर्ल -आय’ (curl -I) ही कमांड देऊन सर्व्हरचे उत्तर तपासले, तर त्यात ‘कॅरसेट’चा, म्हणजे अक्षरे कोणत्या पद्धतीत साठवली आहेत याचा, उल्लेखच नसल्याचे कोणालाही दिसेल.

उपाय सर्व्हरवर करायचा असतो : सर्व्हरचे सॉफ्टवेअर अपाची असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲडडिफॉल्टकॅरसेट यूटीएफ-८’ (AddDefaultCharset UTF-8), एनजिनएक्स (nginx) असेल तर ‘कॅरसेट यूटीएफ-८’ (charset utf-8). युनिकोड ही अक्षरांची आजची सामाईक पद्धत रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइलींना मात्र तो लागू पडत नाही; तिथे तो विशिष्ट फॉन्ट खरोखरच लागतो, आणि या गैरसमजाचे मूळ बहुधा तिथेच असावे.

विचित्र दिसणारा मजकूर कॉपी करून मूळ फाइलीवर सेव्ह करू नये, कारण त्याने खरे नुकसान होते. तो संदेशही कृपया पुढे पाठवू नये.