कौनसा हिरन?

अंदमानच्या रॉस आयलंडवर हरणाने माझं बोटीचं तिकीट खाल्लं. ऑफिसात सांगितलं तर सगळे हसले. हसा, तुमचं काय जातंय.

बेटाचं नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे, पण लोकांच्या तोंडी अजून रॉसच. उतरल्या उतरल्या जपानी बंकर लागतो, १९४२ ते १९४५ अंदमान जपान्यांच्या ताब्यात होतं तेव्हाचा. कोण कुठला पोरगा इथे बंदूक घेऊन समुद्राकडे डोळे लावून बसला असेल असा विचार करत मी उभा, तर मागून आवाज, "भाऊ, जरा सरका ना, रील चाललंय." सरकलो. आणि तेवढ्यात एका चितळाने माझ्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात तोंड घातलं, तिकीट ओढलं आणि माझ्याकडे बघत निवांत चघळायला लागलं.

आता ती हरणं एवढी सोकावली कशाने? आमच्या ग्रुपमधले सांगलीचे एक काका, बँकेतून रिटायर्ड, मगापासून चितळांना चितळ्यांची बाकरवडी भरवत होते आणि हा जोक प्रत्येकाला वेगळा समजावून सांगत होते.

परतीच्या बोटीवर पोऱ्या म्हणाला, "पर्ची?"

"हिरन खा गया."

"कौनसा हिरन?"

मी गप्प. ह्याला काय उत्तर देणार? पण काका आहेत ना! "वो शिंगवाला! हमने अपने डोळे से देखा है!"

"शिंगवाले तो बहुत हैं, अंकल."

काकांनी विजयी मुद्रेने मोबाईल काढला. व्हिडिओ! म्हणजे हरीण माझं तिकीट खात असताना हा माणूस हाड हाड करायचं सोडून शूटिंग करत होता, वर कॉमेंट्री, "बघा बघा, कसं गोड खातंय." पोऱ्याने बघितला, बोटवाल्याने बघितला, मागच्या बंगाली फॅमिलीने दोनदा बघितला. सगळ्यांना पटलं. पैसे परत भरावे लागले ते लागलेच.

ही हरणं म्हणे इंग्रजांनी शिकारीसाठी आणली. १९४१ च्या भूकंपाने बेट हादरलं, इंग्रज गेले, जपानी आले नि गेले, चर्चच्या भिंती झाडांच्या मुळांनी गिळल्या, फक्त ह्यांचं बरं चाललंय. ते चर्च, ती बेकरी, पलीकडचा फेरार बीच, सगळं राहिलं, कारण टूरवाल्यांनी दिलेला वेळच जेमतेम आणि त्यातला अर्धा फोटोंच्या रांगेत गेला. एवढे पैसे ओतून अंदमानला जायचं, आणि जिथे इंग्रजांची राजधानी होती तिथे घड्याळ बघत पळायचं. मग नेताजी १९४३ च्या डिसेंबरात पोर्ट ब्लेअरला आले होते हे गाईड सांगणार कधी, तर बोट सुटताना, इंजिनाच्या आवाजात.

व्हिडिओ ग्रुपवर फिरतोय. खाली काकांचे हसून रडणारे इमोजी. तिकिटाचे निम्मे पैसे खरं तर काकांनी द्यायला हवे होते, बाकरवडी त्यांची होती.