गाव एक, पाडे बारा

विषय निघाला तो पावसाळ्यात हमखास येणाऱ्या बातमीवरून. सातपुड्यातला कुठलातरी पाडा, अडलेली बाळंतीण, बांबूला बांधलेली झोळी, चिखलातली उतरण. गावाचं नाव बदलतं, बातमी तीच. पेपर फिरत फिरत बापूंच्या हातात आला आणि त्यांनी निकालच देऊन टाकला, "मी म्हणतो, ही माणसं तिथं राहतातच कशाला?"

बापू बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. शहाद्यातल्या आमच्या कट्ट्यावर शेवटचा शब्द आपला, अशी त्यांची समजूत आहे. पण त्या दिवशी गुरुजी होते. धडगावकडच्या झेडपी शाळांत नोकरीची बरीच वर्षं काढलेला माणूस. ते एवढंच म्हणाले, "शेत तिथं आहे म्हणून."

"शेत तर आपल्यालाही आहे. म्हणून आपण केळीत राहतो का?"

इथेच खरी गोम आहे. आपल्याकडे गाव म्हटलं की पार, मारुती, एकाला एक चिकटलेली घरं. अक्राणीच्या, म्हणजे धडगाव तालुक्याच्या डोंगरात भिल्ल-पावऱ्यांची घरं ज्याच्या त्याच्या शेतात. या धारेवर चार घरं, त्या धारेवर सात, मध्ये खोल नाला. हाक मारली तर ऐकू जाते, पण चालत जायचं तर घाम निघतो. असे दहा-बारा पाडे मिळून महसुलाच्या दप्तरात एक गाव होतं.

आमचा जीपवाला त्यातल्याच एका पाड्याचा. धडगाव लाइनला गाडी चालवतो, राहतो शहाद्यात. तो म्हणाला, "बोर्ड लागला की पॅसेंजर विचारतो, गाव आलं का? मी सांगतो, शाळा आली, टाकी आली, सरपंचाचं घर आलं. तुझं गाव अजून दोन डोंगर पुढं."

"पण रस्ता गावाला पोहोचला की नाही?" शेठ म्हणाले. शेठ आमचूरचा व्यापार करतात.

"कागदावर पोहोचला."

हे बापूंना लागलं. "कागदावर म्हणू नको. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आली, तिच्यात गाव नाही, वस्ती धरली होती. सपाटीला ५०० माणसं लागायची, आदिवासी भागात २५०. आणि डोंगरात दीड किलोमीटरच्या वाटेत येणाऱ्या वस्त्या एकत्र मोजायची सोय होती. उगाच सरकारला डोकं नाही असं बोलू नये."

"आणि पाडा ऐंशी माणसांचा असला, पुढचा पाडा तीन किलोमीटरवर असला, तर?" गुरुजींनी विचारलं.

"तर मग... बसत नाही निकषात."

"झालं तर. झोळी तिथनंच येते."

बापू गप्प बसणारे नव्हेत. त्यांनी तोंड वनखात्याकडे वळवलं. जंगलात एक फावडं मारायला दिल्लीपर्यंत परवानगी लागते, हे त्यांचं जुनं दुखणं. गुरुजींनी तेही सोडलं नाही. वनहक्क कायद्यात, २००६ च्या, कलम ३(२) आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा १३ कामांना एक हेक्टरच्या आतली वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीवर देता येते. अट इतकीच, की हेक्टरी ७५ च्या वर झाडं तोडायची नाहीत. "तुमच्या खात्यानं किती प्रस्ताव असे पाठवले?" यावर बापूंनी चहाची दुसरी फेरी सांगितली. (उत्तर सुचलं नाही की बापू चहा सांगतात, हे कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक आहे.)

शेठचा प्रश्न वेगळा होता आणि मला तो अगदीच टाकाऊ वाटला नाही. सरकारनं माहेरघर केलंय. आदिवासी भागात बाईनं दिवस भरायच्या आधीच आरोग्य केंद्रात येऊन राहावं, जेवण मिळतं, सोबत एक माणूसही चालतं. "मग येत का नाहीत? झोळीची वेळच येऊ नये."

"तुमच्या घरात चार शेळ्या, दोन पोरं आणि निंदायला आलेला मका असता, तर वहिनी आल्या असत्या का?" जीपवाला म्हणाला. "सोबतीला सासू नेली तर घरात कोण? आणि दिवस कधी भरतात ते नर्सनं सांगायचं. नर्सचं उपकेंद्र डोंगरी भागात ३,००० माणसांमागे एक. ती तरी किती धारा चढणार?"

बापूंनी पुन्हा मूळपद धरलं. सगळ्यांना खाली आणा, एकत्र वसवा, घर, वीज, नळ द्या. वीस घरांसाठी घाट फोडण्यापेक्षा स्वस्त पडेल.

"आणलं की एकदा," गुरुजी म्हणाले. "सरदार सरोवरात आपल्या राज्याची ३३ गावं गेली. मणिबेलीपासून सुरुवात. तळोद्याकडचं जंगल काढून जमिनी दिल्या. तरी कितीजण मागंच राहिले, वरच्या धारेवर घर सरकवून. खाली अथांग पाणी, वर हंडाभर पाण्यासाठी झिऱ्यापाशी रांग. त्यांच्यासाठी मग तरंगता दवाखाना आणावा लागला, बोटीतून. हा तुमचा स्वस्त उपाय."

बापूंचं म्हणणं अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. माणसं तशीही खाली येतातच. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे गुजरातेत ऊसतोडीला जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरं सोबत. होळीला परत. होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारात धडगावला जी गर्दी उसळते ती त्यातलीच. पण ते येणं वेगळं. कोयता घेऊन येणाऱ्याला कोणी नळ देत नाही, उसाच्या फडाशेजारी पाल ठोकायला जागा देतात फक्त.

शाळेवर आल्यावर गुरुजी जरा अडखळले. तोरणमाळला मोठी निवासी शाळा झाली. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचा विषय निघाला, तेव्हा पानशेतबरोबर तिचंच उदाहरण दिलं गेलं. बापू लगेच म्हणाले, "बघा! एकत्र आणलं की सोय होते." गुरुजींनी मान्य केलं. इमारत चांगली, जेवण चांगलं, पोरं टिकतात. आईबाप ऊसतोडीला गेले तरी पोरगं शाळेत राहतं, हे पाड्यावरच्या शाळेला जमत नव्हतं. "पण सहा वर्षांचं पोर. घरी पावरी बोलतं, माझं मराठी त्याला पहिलं वर्षभर कळत नाही. पाड्यावर निदान संध्याकाळी आईकडे जायचं." पुढे ते काही बोलले नाहीत.

शेठना आमचूरचं बोलायचंच होतं. रस्ता झाला तर मालाला भाव येतो, हा त्यांचा सिद्धांत. उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, फोडी खडकावर वाळवून बाया पाठीवर माल खाली आणतात, व्यापारी म्हणेल तो भाव घेतात, कारण ओझं परत वर न्यायची ताकद नसते.

"रस्ता झाला तिथं काय झालं सांगू?" जीपवाला हसला. "तुमचाच टेम्पो वर आला. भाव तोच, पाठ तेवढी वाचली."

शेठही हसले. "पाठ वाचली ना?"

मी तेव्हा काडी टाकली. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, आपल्याकडचे नियम २०१४ चे. त्यात पाड्यालाही स्वतःला गाव म्हणून घोषित करून घेता येतं. तिथल्या मतदारांनी ठराव करायचा, उपविभागीय अधिकाऱ्याकडे पाठवायचा. मग ग्रामसभा पाड्याची, वनहक्काचा प्रस्तावही पाड्याचा. सरपंचाच्या घरापाशी विकास थांबणार नाही.

"ऐंशी माणसांचं गाव!" बापू म्हणाले. "आधीच निकषात बसत नाही, आता तर दिसणारच नाही."

"आज तरी कुठं दिसतं?" गुरुजी.

बराच वेळ यावरच जुंपली. शेवटी बापूंनी खिशातलं पेन काढलं, पेपरच्या कोऱ्या कडेला 'मा. उपविभागीय अधिकारी यांस' असं लिहिलं आणि जीपवाल्याला विचारलं, "ठरावाला माणसं कधी जमतील तुझी?"

"दिवाळीच्या आत. नंतर सगळे फडावर." जीपवाल्यानं चावी उचलली. "पण अर्जाआधी मतदार यादी आणा बापू. तिच्यात आमचा पाडा नि नाल्यापलीकडचा पाडा एकाच नावाखाली आहे."