मॅडम वॉकर यांच्या नावावर खपवली जाणारी कथा

ब्यूटी पार्लरचा अभ्यासक्रम करणाऱ्या माझ्या भाचीने व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश मला मोठ्या कौतुकाने पाठवला. मॅडम सी. जे. वॉकर नावाची अमेरिकी कृष्णवर्णीय धोबीण गुलामगिरीत जन्मली, तिला स्वप्नात केस उगवण्याचे गुप्त सूत्र मिळाले, केस सरळ करणारा तापता कंगवा तिनेच शोधला आणि कोणाच्याही मदतीवाचून ती स्वकष्टाने कोट्यधीश झालेली जगातील पहिली स्त्री ठरली, असा त्याचा मजकूर आहे. शेवटी तेच सूत्र वापरून केलेल्या एका तेलाची जाहिरात आणि मागणी नोंदवण्यासाठी क्रमांक. भाचीने बाटल्या मागवूनही टाकल्या, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सारा ब्रीडलव्ह, म्हणजे पुढच्या मॅडम वॉकर, लुईझियानातील डेल्टा येथे 23 डिसेंबर 1867 रोजी जन्मल्या. अमेरिकेतील गुलामगिरी 1865 मध्येच रद्द झाली होती. आईवडील गुलाम होते हे खरे. पण सारा या त्या घरात स्वतंत्र जन्मलेले पहिले अपत्य होत्या. एवढे तपासायला किती वेळ लागतो?

कंगव्याचे म्हणावे, तर पॅरिसचा केशरचनाकार मार्सेल ग्रातो 1870 च्या दशकातच तापवलेल्या चिमट्यांनी केसांना वळण देत होता, आणि वॉकरबाई या धंद्यात येण्याआधीच तापवायचे कंगवे अमेरिकेत विकत मिळत होते. त्यांच्या पद्धतीत असा कंगवा वापरला जाई, एवढे मान्य करतो. मात्र आपल्याला केस सरळ करणारी बाई म्हटलेले त्यांना मुळीच रुचत नसे. आपण केसांची निगा राखून ते वाढवतो, असे त्या आग्रहाने सांगत.

आता स्वप्न. ही गोष्ट संदेश लिहिणाऱ्याने रचलेली नाही. वॉकरबाई स्वतःच ती सांगत, आणि जाहिरात कशी करावी हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांची खापरपणती ए'लेलिया बंडल्स यांनी कागदपत्रे धुंडाळून 2001 मध्ये त्यांचे सविस्तर चरित्र प्रसिद्ध केले आहे. ते वाचल्यावर या 'गुप्त' सूत्रात गूढ असे काही उरत नाही. मलमाचा आधार पेट्रोलियम जेलीचा आणि त्यातील मुख्य औषध गंधक, जे त्वचारोगांवर शतकानुशतके वापरात होते. त्या काळी असंख्य गरीब घरांत नळाचे पाणी नव्हते, डोके क्वचितच धुतले जाई, त्यामुळे कोंडा आणि त्वचेचे संसर्ग बळावत आणि केस गळत. वॉकर पद्धतीत वरचेवर डोके धुणे, त्वचेला मालिश करणे आणि मग गंधकाचे मलम लावणे असा क्रम होता. त्वचा बरी झाली की केस पुन्हा येत. अनुवंशाने पडलेल्या टकलाशी याचा काहीही संबंध नाही, आणि ज्या मुलीला उद्या पार्लरमध्ये लोकांच्या डोक्याला हात लावायचा आहे, तिला हा फरक न शिकवता स्वप्नातले सूत्र शिकवणे हा निव्वळ अपराध आहे.

'कोणाच्याही मदतीवाचून' या शब्दांनी तर एका संपूर्ण स्त्रीलाच पुसून टाकले आहे. ॲनी टर्नबो, पुढे ॲनी मलोन, यांनी 1900 च्या सुमारास इलिनॉयमध्ये केस वाढवणारे औषध विकायला सुरुवात केली आणि 1902 मध्ये त्या सेंट लुईसला आल्या. तिथे कपडे धुऊन पोट भरणाऱ्या सारा त्यांच्या विक्रेत्या झाल्या, 1905 मध्ये डेन्व्हरला गेल्यावरही त्यांचाच माल विकत राहिल्या आणि 1906 मध्ये चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांनी 'मॅडम सी. जे. वॉकर' या नावाने स्वतःचा माल बाजारात आणला. दोघींच्या मुख्य उत्पादनाचे नावही एकच होते, 'वंडरफुल हेअर ग्रोअर'. मलोन यांनी त्याच वर्षी आपल्या मालासाठी 'पोरो' या नावाची नोंदणी करून घेतली, यात नवल नाही. दारोदार विक्री करणाऱ्या स्त्रिया तयार करण्याची रीतही वॉकरबाई मलोन यांच्याकडे काम करतानाच शिकल्या. त्यांचे स्वतःचे कर्तृत्व त्यापुढचे आहे: 1908 मध्ये पिट्सबर्गला प्रशिक्षणशाळा, 1910 पासून इंडियानापोलिसला कारखाना, आणि हजारो स्त्रियांना मोलकरणीच्या कामापेक्षा बरी मिळकत देणारा धंदा. हे सांगायला मलोन यांना वगळण्याची गरज नाही.

कोट्यधीशपणाचे थोडक्यात. 25 मे 1919 रोजी त्या वारल्या, तेव्हा त्यांची मालमत्ता सहा ते सात लाख डॉलरच्या घरात होती. आपल्याकडे अजून दहा लाख डॉलर नाहीत, तो टप्पा गाठायचा आहे, असे त्यांनी दोन वर्षांपूर्वी म्हटल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने मृत्युवृत्तातच नोंदवले होते. त्या काळासाठी ही संपत्ती अफाटच होती, ती फुगवण्याचे कारण काय?

राहिले ते तेल. वॉकर यांची मूळ कंपनी 1981 मध्ये बंद पडली. पुढे वेगळ्याच कंपनीने त्यांचे नाव घेऊन 2016 मध्ये नवी उत्पादने आणली, पण ती आधुनिक घटकांची होती, जुने मलम नव्हे. भाचीच्या बाटलीवर तर घटकांची यादीसुद्धा छापलेली नाही. पैसे परत मागण्यासाठी तिने त्या क्रमांकावर फोन केला, तेव्हा तिला आणखी पाच मैत्रिणी जोडण्याचा सल्ला मिळाला.